घरच्या वर्कशॉपसाठी ड्रिल मशीन: तेराचं की विसाचं, नवं की जुनं

प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरात अक्कलकोट रोडच्या बाजूला घरामागे १० बाय १२ फुटांची पत्र्याची खोली आहे. वीज सिंगल फेज. काम म्हणजे पॉवरलूमचे बिडाचे ब्रॅकेट आणि सुटे भाग दुरुस्त करणं, ग्रिल-गेटसाठी अँगल-पट्टीला भोकं पाडणं आणि अधूनमधून लाकूडकाम. १३ मिमीचं बेंच ड्रिल (टेबलावर बसणारं, जास्तीत जास्त १३ मिमीचं भोक पाडणारं मशीन) पुरेल की २० मिमीचं घ्यावं? राजकोटचं घ्यावं की आयात केलेलं? आणि जुनं मिळालं तर घ्यावं का?

तुमच्या कामाला २० मिमीचं, एमटी-२ टेपरचं (म्हणजे चक बसवायचं निमुळतं भोक ठरलेल्या मापाचं असलेलं), १ एचपी मोटरचं मशीन घ्या. सर्वांत खालचा वेग ३०० आरपीएमच्या आसपास हवा आणि खांब ७० मिमी किंवा त्याहून जाड हवा. जमिनीवरचं उंच पिलर मॉडेलच हवं असं नाही, टेबलावर बसणारं चालेल. आठ मिमीच्या वरचं भोक महिन्यातून एखादंच पाडणार असाल तरच १३ चं घ्या. जुनं मशीन जरूर घ्या, पण खाली दिलेल्या तपासण्या केल्याशिवाय पैसे देऊ नका.

दुकानात गेलं की विक्रेता आधी मोटर दाखवतो, मग रंग, मग वेगांची संख्या. यातली मोटर उद्या बदलता येते. बेल्ट, बेअरिंग, चक (ड्रिल पकडणारे जबडे), स्विच हेही बदलता येतात आणि सगळं सोलापुरातच मिळतं. खांब, डोकं, टेबल, पाया आणि क्विल (म्हणजे हँडल फिरवल्यावर स्पिंडलला, चक फिरवणाऱ्या दांड्याला, घेऊन खालीवर होणारी नळी) ज्या बोअरमध्ये सरकते तो बोअर या गोष्टी मात्र जन्मभर तशाच राहतात. पैसे त्यांच्यासाठी मोजायचे. इथून पुढचं सगळं याच हिशेबानं वाचा.

खांब आणि ओतीव काम

१० मिमीचं ड्रिल लोखंडात शिरताना शंभर किलोच्या वर दाब सहज लागतो. हा दाब टेबलाला खाली ढकलतो, डोक्याला वर उचलतो आणि मधला खांब धनुष्यासारखा मागे वाकतो. वाक डोळ्यांना दिसत नाही, पण भोक तिरकं जातं. त्याहून वाईट म्हणजे ड्रिल पलीकडे निघण्याच्या क्षणी समोरचा विरोध एकदम संपतो आणि वाकलेला खांब स्प्रिंगसारखा परत सरळ होतो. ड्रिल झटक्यानं खाली झेपावतं, उरलेल्या पातळ थरात अडकतं आणि मोडतं किंवा जॉबच (भोक पाडायचा तुकडा) फिरवतं. ‘निघताना ड्रिल ओढतं’ अशी तक्रार असते, तेव्हा हाताइतकाच दोष अनेकदा खांबाचा असतो.

भिंतीची जाडी तीच ठेवून खांबाचा व्यास ५० वरून ७० मिमी केला, तर ताठपणा सुमारे पावणेतीन पट होतो. म्हणून दोन मशिनांत घोळ झाला तर खांबाला कॅलिपर लावा आणि जाड खांबाचं घ्या, मोटर थोडी लहान असली तरी चालेल. खांबाची नळी किती जाड आहे ते वरचं झाकण काढून पाहता येतं. भिंत ५ मिमीहून पातळ असेल तर पुढे जा.

वजन ही दुसरी सोपी खूण. १३ चं मशीन ४० किलोच्या आत असेल तर पत्रा आणि ॲल्युमिनियम जास्त आणि बीड कमी आहे, असं समजा. टेबल उलटं करून बघा, खाली जाड फासळ्या हव्यात. सपाट आणि पातळ टेबल दाबाखाली वाकतं आणि कडेला काम धरलं की जास्तच वाकतं.

स्पिंडलच्या मध्यापासून खांबापर्यंतच्या अंतराला दुकानदार थ्रोट म्हणतात. ते १५० मिमी असेल तर ३०० मिमी रुंद पाटीच्या मध्यावर भोक पाडता येतं. अँगल-पट्टीला यापेक्षा जास्त लागत नाही, लाकडी फळ्यांसाठी मात्र १८० मिळालं तर बरं. क्विलची हालचाल किमान ७५ मिमी हवी. ५० मिमी हालचाल असलेल्या मशिनावर जाड ब्रॅकेटच्या बॉसमधून (भोकाभोवतीच्या फुगीर भागातून) आरपार जाताना मध्येच टेबल उचलावं लागतं. खांब गोल असल्यानं टेबल हललं की सेंटर सुटतं आणि भोक पुन्हा जुळवत बसावं लागतं. रॅकवर चढणारं टेबलसुद्धा वर नेताना बाजूला फिरतंच. म्हणून सेंटर ड्रिल (खूण पाडणारं आखूड ड्रिल), पायलट (आधी पाडायच्या लहान भोकाचं ड्रिल) आणि मोठं ड्रिल टेबल न हलवता बदलता येतील एवढी हालचाल पाहिजे.

सर्वांत खालचा वेग

बहुतेक लोक इथे फसतात. बारा वेग, सोळा वेग अशी पाटी असते आणि वरचा आकडा ३००० दिसतो. तुमच्या कामाला वरचा आकडा फारसा लागत नाही. खालचा आकडा लागतो.

हायस्पीड स्टीलच्या ड्रिलला साध्या लोखंडात मिनिटाला साधारण २५ मीटरचा कटिंग स्पीड सोसतो. त्यावरून तोंडी हिशेब असा: ८००० ला ड्रिलच्या मिमी व्यासानं भागा. ६ मिमीला साधारण १३३०, १० ला ८००, १३ ला ६१५, १६ ला ५००, २० ला ४०० आरपीएम. बिडासाठी ६४०० ला भागा. स्टेनलेससाठी ४००० ला भागा, म्हणजे १० मिमीला ४०० आणि १३ मिमीला जेमतेम ३०८. ॲल्युमिनियमला २०,००० धरा. होल सॉ (मोठं भोक कापणारी गोल करवत) लावत असाल तर लोखंडाच्या आकड्याच्या निम्म्यावर या. ५० मिमीच्या होल सॉला ८० ते १०० आरपीएम पुरतात आणि तेवढं खाली घरगुती मशीन सहसा जात नाही.

बऱ्याच १३ मिमी मशिनांचा सर्वांत खालचा वेग ४५० ते ६०० असतो. त्यावर १३ चं ड्रिल साध्या लोखंडात चालतं. स्टेनलेसमध्ये मात्र ड्रिलचा बाहेरचा कोपरा पहिल्या काही सेकंदांतच निळा पडतो. तो कोपराच सर्वांत वेगानं फिरत असतो, त्यामुळे आधी तोच जळतो. कोपरा बोथट झाला की ड्रिल कापायचं सोडून घासतं, घासल्यानं स्टेनलेसचा पृष्ठभाग आणखी कडक होतो आणि मग नवं ड्रिल लावलं तरी शिरत नाही. कारागीर ड्रिलला दोष देतो, पण मूळ वेगात असतं.

पाटीवर विश्वास ठेवण्यापेक्षा पुल्या मोजा. मोटर १४४० ची असेल तर मोटरच्या पुलीचा व्यास भागिले स्पिंडलच्या पुलीचा व्यास गुणिले १४४०. मोटरची सर्वांत लहान पायरी ५० मिमी आणि स्पिंडलची सर्वांत मोठी १५० असेल तर वेग ४८०. दोन पुल्यांत याच्या फार खाली जाता येत नाही, कारण मोटरची पुली आणखी लहान करता येत नाही. ए सेक्शनचा, म्हणजे १३ मिमी रुंद व्ही-बेल्ट ७५ मिमीहून लहान पुलीवर फार वाकतो, तापतो, घसरतो आणि लवकर चिरतो. ५० च्या पुलीवर १० मिमी रुंदीचा झेड सेक्शन हवा. खरा उपाय म्हणजे मध्ये तिसरी पुली असलेलं मशीन. मधली पुली ७५ ते १२५ अशी आणखी एक घट देते आणि ४८० चे २८८ होतात. शिवाय वेग जितका घटतो तितका जोर वाढतो, कारण मोटर आपल्या पूर्ण वेगानंच फिरत असते.

हल्ली बरेच जण व्हीएफडी (विजेची फ्रीक्वेन्सी बदलून मोटरचा वेग बदलणारा डबा) लावायचं म्हणतात. चांगली सोय आहे, पण अटींसह. त्यासाठी थ्री फेज मोटर लागते. सिंगल फेज घेणारी व्हीएफडी २३० व्होल्टचंच थ्री फेज देते, म्हणून मोटर डेल्टात (स्टार आणि डेल्टा या वाइंडिंग जोडायच्या दोन पद्धतींपैकी कमी व्होल्टेजच्या) जोडता आली पाहिजे. लहान मोटरी बहुधा ४१५ व्होल्टला स्टारमध्ये जोडलेल्या असतात. टर्मिनल बॉक्स उघडून सहा टोकं बाहेर आहेत का, ते बघा. तीनच असतील तर स्टारची गाठ आत वाइंडिंगमध्ये आहे आणि ती बाहेर काढायला रिवाइंडिंगवाल्याकडे जावं लागेल. व्हीएफडीनं वेग कमी केला तर जोर तेवढाच राहतो, बेल्टसारखा वाढत नाही. २५ हर्ट्झच्या खाली मोटरचा स्वतःचा पंखाही मंदावतो आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात मोटर शेकते. म्हणून बेल्टच्या खालच्या पायरीला पर्याय म्हणून व्हीएफडी घेऊ नका. बेल्ट ठेवून, वर २५ ते ६० हर्ट्झ एवढ्यातच ती फिरवा. व्हीएफडी आणि मोटर यांच्यामध्ये स्विच बसवू नका, चालू-बंद व्हीएफडीवरूनच करा.

१३ आणि २० मधला खरा फरक

आकडा चकचा आहे असं वाटतं, पण फरक टेपरचा आहे. बऱ्याच १३ मिमी मशिनांत स्पिंडलचं टोक बाहेरून टेपर असतं आणि त्यावर चक थेट दाबून बसवतात. तो टेपर ओरखडला किंवा चक त्यावर घसरून फिरला, तर अख्खा स्पिंडल बदलावा लागतो. २० च्या मशिनात आत एमटी-२ मोर्स टेपर असतो. चक आर्बरसकट (चक आणि स्पिंडल जोडणाऱ्या टेपरच्या दांड्यासकट) निघतो आणि त्याच जागी १४ ते २३ मिमीची टेपर शँकची ड्रिलं थेट बसतात, चकमध्ये घसरायचा प्रश्नच उरत नाही. आर्बर खराब झाला तर नवा आणायचा, मशीन शाबूत राहतं. काढताना स्पिंडलच्या खाचेत ड्रिफ्ट (पाचरीसारखी पट्टी) घालून हलकासा ठोका द्यायचा आणि खाली लाकडाचा ठोकळा ठेवायचा, नाहीतर चक टेबलावर आदळतो.

२० चं मशीन म्हणजे रोज २० चं भोक पाडायचं असं नाही. पाटीवर जो आकडा लिहिला असेल त्याच्या साठ-पासष्ट टक्क्यांपर्यंत ते मशीन आरामात काम करतं. म्हणजे २० चं मशीन १२-१३ चं भोक दिवसभर पाडेल आणि १३ चं मशीन ८ चं. तुमच्या कामात ३ सूत आणि ४ सुताची (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) भोकं रोजची, म्हणून २० चं.

मोटर आणि सोलापूरचं ऊन

मोटरींवर लिहिलेली क्षमता ४० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या हवेसाठी धरलेली असते. एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात सावलीतलं तापमान त्याच्यावर जातं आणि पत्र्याखाली तर आणखीच. त्यात दुपारी व्होल्टेज पडतं. इंडक्शन मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. २३० च्या जागी १९० आले तर जोर ६८ टक्के, १८० आले तर ६१ टक्के. १३ च्या मशीनवरची अर्धा एचपीची मोटर अशा वेळी प्रत्यक्षात पाव एचपीपेक्षा थोडीच जास्त उरते. ती वेग पकडायला वेळ घेते, स्टार्टिंग वाइंडिंग गरजेपेक्षा जास्त वेळ चालू राहतं आणि जळतं. म्हणून १ एचपी, तांब्याचं वाइंडिंग आणि एफ क्लास (जास्त उष्णता सोसणारं) इन्सुलेशन हे तीन शब्द बिलावर लिहून घ्या. मोटर बदलता येते हे खरं, पण मे महिन्यात काम बंद पडणं परवडत नाही.

१ एचपी सिंगल फेज मोटर चालताना ६-७ अँपिअर घेते आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. मीटरपासून खोलीपर्यंत २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर, १६ अँपिअरचं सॉकेट, सी कर्व्हचा एमसीबी, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आणि खरं अर्थिंग एवढं करा. लांबलचक बारीक एक्स्टेन्शनवर मशीन चालवलं तर आधीच पडलेलं व्होल्टेज वायरीत आणखी पडतं.

साध्या टॉगल स्विचऐवजी ओव्हरलोड रिले (जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा भाग) असलेला सिंगल फेज डीओएल स्टार्टर (हिरव्या-लाल बटणांचा) लावा. वीज गेली की तो आपोआप सुटतो आणि वीज परत आली तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय मशीन फिरत नाही. वीज गेली म्हणून तुम्ही चकमध्ये किल्ली घालून ड्रिल काढत असता आणि तेवढ्यात वीज येते, हा प्रसंग टॉगल स्विच टाळू शकत नाही.

ज्या पेठांमध्ये माग चालतात तिथे हवेत रुई उडते. ती मोटरच्या पंख्याच्या जाळीवर बसते आणि हवा अडवते. तेलकट रॅकवर, क्विलवर बसली की लगदा होतो. गरम कीस त्यावर पडला तर धुमसायलाही लागतो. दर आठवड्याला मोटरची जाळी ब्रशनं साफ करायची. क्विलला ग्रीस चोपडण्याऐवजी पातळ तेलाचा हात द्यायचा, ग्रीसला रुई जास्त चिकटते.

घेण्याआधीची तपासणी

सोबत लिव्हर डायल (बारीक हालचाल मोजणारं सुईचं मापक), मॅग्नेटिक स्टँड, १० मिमीचा सिल्व्हर स्टीलचा ग्राइंड केलेला सरळ तुकडा, गुण्या आणि इंग्रजी झेडसारखी वाकवलेली जाड तार न्या. अर्ध्या तासाचं काम आहे आणि यासाठी कां-कूं करणाऱ्या दुकानात मशीन घेऊ नका.

पहिली तपासणी क्विलची. क्विल पूर्ण खाली आणा, लॉक करू नका. चकला धरून पुढे-मागे, डावी-उजवीकडे हातानं ढकला आणि डायल चकच्या अंगाला टेकवून बघा. ०.१ मिमीच्या आत हलत असेल तर उत्तम. ०.३ च्या वर हलत असेल तर मशीन सोडा, कितीही स्वस्त असलं तरी. काही मशिनांत डोक्याला चीर असते आणि बोल्ट आवळून क्विलचा ढिलेपणा काढता येतो. तसा बोल्ट असेल तर तो आवळून पुन्हा बघा. बोल्ट नसेल आणि बोअर झिजला असेल, तर डोकं बोअर करून बुश घालण्याचा खर्च मशिनाच्या किमतीला भिडतो. नव्या मशिनातही हा ढिलेपणा सापडतो, म्हणून ‘नवं आहे’ म्हणून ही पायरी गाळू नका.

दुसरी फिरण्याची. चक काढून डायलची सुई स्पिंडलच्या आतल्या टेपरला लावा आणि हातानं स्पिंडल फिरवा. ०.०२ ते ०.०३ पर्यंत ठीक. मग चक बसवून १० मिमीचा तुकडा धरा आणि जबड्यांच्या खाली २५ मिमीवर मोजा. ०.१ पर्यंत चालेल. टेपर सरळ पण चकमध्ये ०.२ दिसलं, तर चक किंवा आर्बर खराब आहे, मशीन नाही. तेवढे पैसे कमी करून घ्या आणि चांगला चक वेगळा घ्या.

तिसरी टेबलाची. वाकडी तार चकमध्ये धरा, टोक टेबलाला जेमतेम टेकवा आणि स्पिंडल हातानं फिरवा. डावीकडे-उजवीकडे फरक असेल तर टेबलाखालचा बोल्ट सैल करून जुळवता येतो. पुढे-मागे फरक असेल तर बहुतेक मशिनांत जुळवायची सोय नसते, शिम (पातळ पत्र्याचे तुकडे) घालाव्या लागतात. २०० मिमीच्या घेरात ०.१ चांगलं. एक बारकावा: टेबलाची पुढची कड किंचित वर असेल तर चिंता नको, दाबाखाली ती खालीच येते. आधीच खाली झुकलेली असेल तर मात्र दाबाखाली आणखी झुकेल.

चौथी, मशीन सर्वांत वरच्या वेगावर पाच मिनिटं चालवा. बेल्टचा फटफट आवाज बेल्ट बदलून जातो. पुली डुगडुगत असेल तर ती ओतीव आणि नीट न कातलेली आहे, तीही बदलता येते. डोक्यातून घरघर आली आणि हँडल पकडल्यावर बोटांना जाणवली तर बेअरिंग. बेअरिंगचा खर्च किरकोळ आहे, त्यामुळे जुन्या मशिनात ही घरघर भाव पाडायला उपयोगी पडते.

जुन्या मशिनात आणखी दोन ठिकाणी बघा. एमटी-२ च्या आत बोट फिरवा. खोल ओरखडे असतील तर त्यात ड्रिल फिरून गेलेलं आहे. एमटी-२ चं रीमर मारून हलके ओरखडे निघतात, खोल निघत नाहीत. दुसरं टेबल. त्यावर भोकांची चाळण झाली असेल तर मशीन निष्काळजी हातात होतं आणि बाकीची झीजही त्याच मापाची असेल. रंग उडालेला, हँडलच्या मुठी गेलेल्या, मोटर जळालेली असं मशीन खुशाल घ्या.

राजकोट की आयात, याचं उत्तर याच तपासण्यांतून मिळतं. राजकोटच्या बनावटीत बीड भरपूर, रचना साधी आणि सुटे भाग कुठल्याही लेथवाल्याकडून करून घेता येतात. पण एकाच मॉडेलच्या दोन नगांत सारखेपणा असेलच असं नाही, म्हणून समोर उभं असलेलं नेमकं ते मशीन तपासून तेच गाडीत चढवा. आयात केलेल्या लहान मशिनांचा हात हलका असतो, वेग जास्त असतात, टेबल रॅकवर चढतं. पण खांब बारीक असतो आणि पुल्या ॲल्युमिनियमच्या. बिडाच्या आणि अँगलच्या कामाला मी राजकोटकडे झुकेन. फक्त लाकूडकाम असतं तर उलट सांगितलं असतं.

चक, व्हाईस आणि ड्रिलं

एकूण रकमेतला तिसरा हिस्सा यासाठी बाजूला ठेवा. मशिनाबरोबर फुकट येणारा चक बहुधा ठीकठाक असतो. फुकट येणारा व्हाईस सहसा टाकण्याजोगा असतो, जॉब आवळला की त्याचा हलता जबडा वर उचलतो. ४ इंची, बिडाचा, टेबलाला टी-बोल्टनं बसणारा ड्रिल व्हाईस घ्या. हातात धरलेला व्हाईस १० मिमीच्या ड्रिलसमोर टिकत नाही.

चक आर्बरवर बसवताना दोन्ही टेपर थिनरनं पुसून कोरडे करा. तेलाचा थेंब राहिला तर चक पुन्हा पुन्हा गळून पडतो आणि लोक हातोडीनं ठोकत बसतात. जबडे पूर्ण आत घेऊन, चकखाली लाकडाचा ठोकळा ठेवून हँडलनं घट्ट दाबलं की पुरतं. ड्रिल मशिनाच्या चकमध्ये एंड मिल लावून खाच पाडायचा मोह धरू नका. मोर्स टेपरला खालून वर दाब लागतो तोवरच पकड असते, बाजूच्या धक्क्यानं तो सुटतो आणि फिरता चक हातावर येतो.

ड्रिलं १ ते १३ चा स्वस्त संच घेण्यापेक्षा मिरांडा किंवा ॲडिसनसारखी ३, ४, ५, ६.८, ८.५, १०.२, १२ अशी लागणारी मापं सुटी घ्या, ३ आणि ४ ची पाच-पाच. ६.८ ला एम-८, ८.५ ला एम-१० आणि १०.२ ला एम-१२ चा टॅप (भोकाच्या आत आटे पाडणारं हत्यार) चालतो. जुन्या मागांवर व्हिटवर्थ (इंचाच्या मापाचे जुने ब्रिटिश) आटे सापडतात. तिथे ३ सुताच्या बोल्टला ७.९ आणि ४ सुताच्या बोल्टला १०.५ मिमीचं ड्रिल लागतं. त्या भोकात मिलिमीटरचा टॅप घातला तर पहिले दोन-तीन आटे बसल्यासारखे वाटतात आणि मग बीड तुटतं. बोल्ट हातात घेऊन पिच गेज (आट्यांमधलं अंतर तपासणारी पट्टी) लावल्याशिवाय टॅप उचलू नका. टॅप चकमध्ये धरून, मोटर बंद ठेवून, चक हातानं फिरवत पहिले चार आटे पाडले की टॅप काटकोनात जातो. पुढचं टॅपच्या हँडलनं करा.

तुमच्या कामातल्या खाचाखोचा

बिडाचा वरचा थर वाळूनं कडक झालेला असतो. तिथे हलक्या हातानं घासत बसलात तर ड्रिलची धार जाते. सुरुवातीला ठाम दाब द्या, थर फुटला की आत बीड मऊ लागतं. बीड कोरडंच ड्रिल करायचं. तेल किंवा सोल्युबल ऑइल (पाण्यात मिसळायचं कटिंग तेल) घातलं की कीस आणि तेलाची पेस्ट होऊन ती धार घासते. पलीकडे निघताना दाब निम्मा करा, नाहीतर कडेचा टवका उडतो. खाली लाकडाचा तुकडा घट्ट टेकवला तर टवका बराच वाचतो. काळी पूड कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवू नका, ब्रशनं गोळा करा. ती क्विलमध्ये गेली की पॉलिश पेपरसारखं काम करते.

वेल्डिंग केलेल्या ब्रॅकेटला भोक पाडायचं असेल तर सावध. साध्या लोखंडी रॉडनं बीड वेल्ड केलं की जोडाच्या बाजूला काचेसारखा कडक पट्टा तयार होतो. हायस्पीड ड्रिल त्यावर फक्त किंचाळतं. शक्य असेल तर भोक आधी पाडून मग वेल्ड करा, किंवा निकेल रॉड वापरायला सांगा. आधीच कडक झालं असेल तर कार्बाइड टोकाचं ड्रिल, मंद पण न थांबणारा दाब आणि घट्ट बांधलेला जॉब हाच मार्ग आहे.

५ मिमी जाडीच्या अँगलला १२ चं भोक पाडताना पायलट ३ ते ४ मिमीचा पुरे. पायलटचं काम ड्रिलच्या मधल्या बोथट भागाला वाट देणं एवढंच आहे. ८ चा पायलट पाडून मग १२ चं ड्रिल घातलं की फक्त बाहेरचे कोपरे कापतात, ड्रिल थरथरतं आणि भोक तिकोनी होतं. अँगल, पट्टी किंवा लांब जॉब नेहमी खांबाच्या डाव्या अंगाला टेकवून बांधा. ड्रिल वरून बघता घड्याळाच्या दिशेनं फिरतं, त्यामुळे ते अडकलं तर जॉब खांबावर जाऊन थांबतो, तुमच्या पोटावर येत नाही. लोखंडाला पाण्यात वीसपट पातळ केलेलं सोल्युबल ऑइल पुरतं. ॲल्युमिनियमला रॉकेल किंवा डिझेलचे थेंब पुरतात, पण ते काम चालू असताना विडी-काडी जवळ नको.

लाकडासाठी टेबलावर १८ मिमी प्लायची फळी बसवा, भोक पलीकडे फाटत नाही. कपाटाच्या बिजागरीच्या ३५ मिमी फॉर्स्टनर बिटला (सपाट बुडाचं भोक पाडणाऱ्या बिटला) ८०० ते १००० आरपीएम ठेवा. लोखंडाचं काम झाल्यावर टेबल पुसल्याशिवाय लाकूड ठेवू नका, तेलाचे डाग पॉलिशमध्ये उठतात.

मशिनासमोर हातमोजे घालू नका, ड्रिल मोज्याचं एक सूत पकडतं आणि बोटासकट गुंडाळतं. खांद्यावरचा टॉवेल किंवा पंचा, लांब बाह्या, गळ्यातली साखळी, हातातलं कडं, ओढणी हे सगळं दाराबाहेर. लांब गुंतलेला कीस हातानं ओढू नका, मशीन थांबवा आणि आकड्यानं काढा. चकची किल्ली हातातून सुटायच्या आत चकमधून निघाली पाहिजे, त्यासाठी किल्ली साखळीनं मशिनाला न बांधता दुसऱ्या भिंतीवर टांगायची जागा करा.

मशीन घरी आल्यावर टेबलावर नुसतं ठेवू नका. वर वजन जास्त असल्यानं ते पुढे कलतं. ५० मिमी जाड लाकडी फळी किंवा अँगलची चौकट करून चारही भोकांतून १२ मिमीचे बोल्ट घाला. काम करताना मशिनाचं टेबल तुमच्या कोपराच्या उंचीला यावं. बोल्ट आवळल्यावर वाकड्या तारेची तपासणी पुन्हा करा, कारण पाया असमान आवळला की पायातला पीळ खांबाला तिरका करतो. फरक दिसला तर ज्या कोपऱ्याला फट आहे तिथे पत्र्याची शिम घालून परत आवळा. नवा बेल्ट पहिल्या आठवड्यात ताणतो. अंगठ्यानं मधोमध दाबून सुमारे १० मिमी झुकेल इतका तो पुन्हा ताठ करा, त्याहून जास्त ताणला तर स्पिंडलचं वरचं बेअरिंग मारलं जातं.